निरभ्र

पौषातली रात्र. रडारच्या टेकडीवर
मी, चौकीदार सुखरू उईके,
आणि शेगडीवर तिसऱ्यांदा उकळणारा तोच चहा.
बाहेर आभाळ इतकं कोरं
की तुरीच्या शेंगा मोजाव्यात तशा चांदण्या मोजाव्या.

पडद्यावर मात्र पाऊस.
बोरगव्हाणवर हिरवा, मधे पिवळा,
एका ठिकाणी चक्क लाल. गारांचा रंग.

शिंगणजुडे मास्तरांना फोन लावला,
पर्जन्यमापक त्यांच्या अंगणात असतो.
चपला शोधल्याचा आवाज आला,
मग बराच वेळ नुसता कुत्रा.
"बाई," म्हणाले, "इथं दवसुद्धा नाही."

अशा रात्री जमीन आधी गारठते
आणि ऊब वर राहून जाते,
वाकळ उलटी पांघरल्यासारखी.
सरळ निघालेला किरण वाकतो, खाली उतरतो,
डोंगराला, कुणाच्या टिनाच्या छपराला डोकं टेकवून
परत येतो, सांगतो: ढग भेटला.
खोटं नाही बोलत बिचारा.
आपण वाकलो, हेच त्याला ठाऊक नसतं.

यावर एक चाळणी असते.
जे हलत नाही ते पुसायचं.
डोंगर पुसला. मोबाईलचा टॉवर पुसला.
सूतगिरणीचं धुराडं, अकरा वर्षं थंड,
तेही गेलं.
वहीत लिहिलं: निरभ्र.

उईके कपातली साय बोटानं काढत होता.
"मंग ते संध्याकायचं काय असते, मॅडम?
बांगडीवानी?"

म्हणजे त्यानंही पाहिलं होतं.
रोज पावणेसातला, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात
एक ठिपका. ठिपक्याची बांगडी,
बांगडीचं रिंगण, मग फिकट, मग नाही.
हलतं, म्हणून चाळणीतून सुटतं.
महिनाभर मी लिहीत होते, कारण अज्ञात.
नकाशात तिथं धरणाचं पाणी आहे,
दुसरं काही नाही.

"आमचं मोहटोला हाय ते," उईके म्हणाला.
"गाव उठलं तवा मानसं ट्रॅक्टरात बसली.
देव बी नेले, शेंदरासकट.
दोन चिचा रायल्या काठावर,
अन् त्याईच्यावरची चमगादडं.
त्याईचं नाव यादीत नोतं,
काहून जातीन?"

आणि चहा प्याला. मी वही उघडली,
मिटली.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला
आम्ही दोघं पडद्यापुढे उभे.
ठिपका आला. त्यानं काचेला बोट लावलं नाही,
नुसतं जवळ नेलं,
निखाऱ्याची धग पाहतात तसं.
रिंगण मोठं होत बोरगव्हाणकडे सरकलं.

मी फोन लावला.
"पाऊस का, बाई?" मास्तरांनी विचारलं.
नाही म्हटलं. पाऊस नाही.
जरा अंगणात या. वर बघा.

चपला शोधल्याचा आवाज.
मग बराच वेळ
कुत्राही नाही.