बाटली असते तेव्हा रोज

आमच्या अग्बोझुमेत कापड
चार बोटांच्या पट्ट्यांनी जन्माला येतं.
चोवीस पट्ट्या शेजारी शेजारी शिवल्या
की एका माणसाच्या खांद्याला पुरतं.
सेलोर्म, माझा थोरला, म्हणायचा,
एका वेळी जगाची चारच बोटं बघावीत,
बाकीचं शिवणाऱ्यावर सोडावं.

म्हणून कळलंच नाही कुणाला.
आधी त्याला डावीकडून येणारी सायकल दिसेना,
मग शेजारच्या मागावरचा म्हातारा डोत्से,
मग एकदा
पाण्याचा पेला घेऊन उभी असलेली स्वतःची मुलगी.
दुखलं नाही. लाल झालं नाही.
पट्टी निघत राहिली, निळी, पिवळी,
एक धागा इकडचा तिकडे नाही.
गिऱ्हाईक खूश होतं.

केटाच्या दवाखान्यात झीफा नावाची नर्स.
तिनं कागद ओढला.
वय?
"आईला विचारायला हवं. नाही आता ती."
आईचे डोळे?
"शेवटची सात वर्षं भिंत धरून चालायची.
म्हातारपण, दुसरं काय."
झीफाचं पेन थांबलं,
मग त्या ओळीखाली दोनदा फिरलं.
कधी कुठलं मलम, कुठले थेंब, स्वतःच्या मनानं?
"डोळे चुरचुरायचे. सीमेपलीकडून एक ट्यूब आणलेली."
किती दिवस?
"संपेपर्यंत. मग दुसरी."
आणि आम्ही दिलेले थेंब, घालता ना?
"घालतो."
रोज?
खिडकीतून खाजणाकडे बघत तो म्हणाला,
"बाटली असते तेव्हा रोज."

बाटली दोन पट्ट्यांच्या किमतीला येते.
पावसात मीठ पिकत नाही, लग्नं होत नाहीत,
पट्ट्या खुंटीला लटकतात.
हे झीफाच्या कागदावर कुठल्या रकान्यात बसतं
मला माहीत नाही.

दाब चौतीस. बुबुळावरची काच पातळ.
उजवा डोळा जवळजवळ गेलेला,
म्हणजे डाव्याची काळजी दुप्पट, ती म्हणाली,
जसं काही आम्ही आजवर
अर्धीच करत होतो. तशीच करत होतो.

मग ती पांढऱ्या वाडग्याची तपासणी.
हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं,
फक्त मध्ये,
आणि कुठेही ठिणगी दिसली की बटण दाबायचं.
मी पडद्याबाहेर उभा.
आतून आवाज येत होता
टक टक, थांबा, टक,
टक टक, थांबा, टक.
मला हसू आलं आणि मग आलं नाही.
डावा पाय, उजवा पाय, धोटा.
तो विणत होता आत.

मशीननं लिहिलं,
हा माणूस उजेड नसतानाही दाबतो.
"पुन्हा," झीफा म्हणाली. रागावली नाही.
"या वेळी दिसेल तेव्हाच, दादा."
या वेळी आत इतकी शांतता होती
की बाहेरच्या बाकावरची बाई
शेंगा सोलायची थांबली.

कागद आला. सगळा काळा,
मध्ये नखाएवढा पांढरा.
सेलोर्मनं तो नाकाशी धरला, थोडा वळवला,
कापडाचा पोत बघतात तसा,
आणि विचारलं, "ह्यात किती वर्षं विणता येईल?"

झीफानं उत्तर दिलं नसावं, किंवा मी ऐकलं नसावं,
कारण ती माझ्याकडे बघत होती.
"सख्खे?"
हो.
"एकाच आईचे?"
मी म्हणालो, मला एक कापड पोचवायचंय आज,
शेवटची ट्रोट्रो चार वाजता सुटते,
आणि मला तर सगळं दिसतं.
"ह्यांनाही दिसत होतं," ती म्हणाली
आणि हनुवटी टेकवायची जागा
ओल्या कापसानं पुसली.

मध्ये बघतोय.
फक्त मध्ये.
अंगठा बटणावर आहे,
पाय खाली आपसूक हलतोय, त्याला मी दाबून धरलंय.
एक ठिणगी. दाबलं. दुसरी. दाबलं.
आणि आता बराच वेळ
काही आलेलं नाही,
किंवा आलं असेल.
पडद्यापलीकडून सेलोर्म विचारतो,
"एलिकेम, झालं का रे?"