काखेपासून काखेपर्यंत

हॅलिफॅक्सचं आत्याचं घर महिनाअखेर रिकामं करून द्यायचं होतं.
काउन्सिलचं. चढावरचं.
मी शुक्रवारी रात्री यायचे, रेडिंगहून, दोन गाड्या बदलून,
आणि शनिवारभर तिला विकायचे.
म्हणजे तिचे कपडे. आणि तबकड्या, एकशे बेचाळीस.

फोटो दाराला टांगून काढायचे, हे शिकले.
उजेड खिडकीचा, मागची भिंत मोकळी.
साइटवर रकाने असतात: रंग, कापड, खोट असल्यास,
आणि माप. काखेपासून काखेपर्यंत किती इंच.
राखाडी लोकरीचा कोट मी पलंगावर पालथा पसरला,
तिच्याच शिवणाच्या डब्यातली टेप लावली.
साडेअठरा.
एवढीच होती का?
दांडगे गिरणीकामगार एकटीनं कुशीवर वळवणारी
वॉर्डातली सिस्टर अ‍ॅना,
जिचं अनसूया हे नाव तिथे कुणाच्याच जिभेला जमलं नाही.
खिशात बसचं तिकीट, खोकल्याची गोळी कागदासकट.
खोट: बाह्या आखूड केलेल्या, हातानं. टाके बारीक.

आईचा फोन. मेल्या माणसाचे कपडे विकतात का गं?
मी म्हटलं, आणि तू बोहारणीला घातलेस ते?
आजोबांची दोन धोतरं, काळा कोट, वर जरीकाठी लुगडं,
तेव्हाच्या पातेल्यात अजून दूध तापवतेस.
ती थांबली.
मग म्हणाली, झाकण नव्हतं दिलं मेलीनं.

कपडे कुणी मागेना.
तबकड्यांचा भाव मात्र माणसं रात्री अडीचला विचारत,
लीड्सहून, ग्लासगोहून, एकजण तर ओसाकाहून.
मला वाटलं होतं भजनं निघतील. दोन निघाली.
बाकी सगळं नाचायचं, ढोल धडधडणारं,
कव्हरांवर घामेजलेले पुरुष आणि ट्रम्पेटं.
आमच्याकडे पाच वर्षांतून एकदा यायची तेव्हा
हाताची घडी घालून बसायची,
टीव्ही जरा बारीक करा म्हणायची.

मंगळवारी निरोप आला. मॉरीन ग्रीनवुड, हेब्डन ब्रिज.
निळ्या कव्हरची तबकडी. किंमत विचारली नव्हती.
विचारलं होतं, मागच्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात,
सुई अजून अडकते का?

मी लावूनच पाहिली नव्हती.
खोट: नाही, असं ठोकून दिलं होतं.

प्लेअर अजून गेला नव्हता. लावला.
पहिलं गाणं. दुसरं.
तिसऱ्यात ती गाणारी बाई शब्दाच्या मध्येच ठेचकाळली,
तोच अर्धा शब्द, तोच, तोच,
रिकाम्या खोलीत, सतरंजी गुंडाळलेली, पडदे काढलेले,
आणि हात पुढे करून तिला सोडवायचं मला सुचेना.
मग आठवली
प्लेअरच्या खोक्यात सापडलेली जुनी पेनी,
तांबूस, जड, कधीच चलनातून गेलेली,
जी मी सुट्ट्या पैशांच्या बशीत टाकली होती.
सुईच्या डोक्यावर ठेवली.
शब्द पुरा झाला. गाणं पुढे गेलं.

मी कळवलं: अडकते. वर पेनी ठेवली की जाते.

दोन दिवस काही नाही.
मग: माहीत आहे. पेनी माझी.
आणि खाली, वेगळ्या वेळी पाठवलेलं:
तो राखाडी कोट गेला का?

फुकट घ्या म्हणाले. नको म्हणाली,
अ‍ॅनानं कुणाचं फुकट घेतलं नाही, मीही घेणार नाही.
पाच पौंडांवर तुटलं.
तबकडी कोटात गुंडाळली, बाह्या वरून बांधल्या.
तिकीट आणि गोळी होती तिथेच राहू दिली.
पोस्टातल्या मुलानं पार्सल तोलत विचारलं, फुटण्यासारखं काही?
हो म्हटलं. त्यानं लाल चिठ्ठी चिकटवली, किंचित वाकडी.

रात्री आई. कोट गेला?
गेला.
किती आले?
पाच, म्हटलं.
वर एक पेनी माझ्याच हातानं गेली,
ते नाही सांगितलं.