नमुना क्रमांक एकशे चौदा

ओडेल टार्पलीच्या स्वयंपाकघरातला नळ
मी तीन मिनिटं वाहू देते. नियम आहे.
तोवर तो फ्रिजवरची लोहचुंबकं सरळ करत बसतो.

पाणी येतं कोऱ्या चहासारखं.
बाटलीवर मी लिहिते: एकशे चौदा, नऊ चाळीस,
रंग तांबूस, वास नाही.
"वास आहे," तो म्हणतो. "खिळ्यांचा."
मी वास घेते. 'नाही' खोडते.

मोझली काउंटीची माती
आमच्या वेंगुर्ल्याच्या चिऱ्याच्या रंगाची आहे,
हे मी त्याला मागे एकदा बोलून गेले.
तेव्हापासून तो मला
या मातीतलीच समजतो,
आणि मी नजर चुकवते.

खिडकीतून कारखाना दिसतो,
म्हणजे आता दुसरं काही दिसत नाही.
तिथे पीकनची झाडं होती, एक चढ होता,
चढावर स्टब्सांची गुरं.
अकरा महिने टेकाडं उचलून खळग्यांत घातली,
सुरुंगांनी कपाटातल्या बश्या वाजायच्या,
मग एका मंगळवारी पाण्याने रंग बदलला.
मंगळवार त्याच्या नक्की लक्षात आहे.
मला तारीख हवी होती.

सुनावणी शाळेच्या जिममध्ये झाली,
खुर्च्या बास्केटबॉलच्या रेषांवर मांडलेल्या.
प्रत्येकाला दोन मिनिटं,
वेळ संपली की गुणफलकाचा तोच भोंगा.
व्हर्ना स्टब्सने पंपातली गाळणी
प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणली होती;
टेबलावर ठेवली आणि काही बोललीच नाही.
तिची दोन मिनिटं आम्ही त्या चिखलाकडे पाहत राहिलो.

मग कंपनीचा माणूस उठला. चांगला माणूस,
त्याने सगळ्यांसाठी डोनट आणले होते.
वाचून दाखवलं: संबंध असल्याचा पुरावा आढळला नाही.
वाक्य माझ्याच अहवालातलं.
पुढचं वाक्य त्याने वाचलं नाही:
कारण काम सुरू होण्याआधीचं पाणी
कोणी कधी तपासलंच नव्हतं.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं आमच्याकडे म्हणतात.
त्याचं इंग्रजी मला त्या दोन मिनिटांत सुचलं नाही.
खरं तर मी उभीच राहिले नाही.

मागच्या दाराने नात येते, ब्रीलिन, रात्रपाळी करून.
बॅटरीच्या खोक्याचे बावीस बोल्ट, पुन्हा बावीस बोल्ट.
आधी कोंबड्या कापायच्या कारखान्यात होती,
तिथे बोटं थंडीने वाकडी राहायची;
आता नीट मिटतात, ती मला मिटून दाखवते.
घराचं नवं पत्र्याचं छप्पर तिच्या पगाराचं.
ओडेल छपराचं कौतुक करतो. पावसात मात्र
ऐकायचं यंत्र कानातून काढून ठेवतो.

"आमची गाडी इतकी मुकी," ती सांगते,
"की माणसांना कळावी म्हणून
तिला मुद्दाम आवाज बसवावा लागतो."
बाटलीबंद पाणी पिते.
कॉफीही त्याच पाण्याची करते,
मला न विचारता एक कप पुढे ठेवते.

निघताना ओडेल माझ्या गाडीत डोकावतो.
काउंटीची गाडी, त्याच भिंतीमागे बनलेली.
"बारा टक्के? यावर तू कुठे पोचणार?"
गोठ्यातून लांबलचक वायर ओढत आणतो,
अंगणातून, मुळ्याच्या वाफ्यावरून,
आणि प्लग लावताना माझ्याकडे बघत नाही.

तासभर आम्ही पायरीवर बसतो.
बर्फाच्या डब्यात एकशे चौदा नंबर
गाळ खाली बसून
वरून हळूहळू स्वच्छ दिसायला लागतो.
प्रयोगशाळेत मी तो पुन्हा हलवणार आहे.

गाडी मागे घेते तेव्हा
तो बसवलेला सूर वाजतो, बारीक, घशातल्या घशात.
कोंबड्यांना तो कळत नाही,
त्या चाकांमागेच टिपत राहतात.
ओडेल उठतो, गुडघा धरून,
आणि माझ्यासाठी टाळ्या वाजवत
त्यांना बाजूला करतो.