सातवी खूण

उणे अकरा. बॅटऱ्या मी कोटाच्या आत
छातीशी धरल्यात, कोंबडीनं अंडी उबवावीत तशा.
गारठल्या तर अर्ध्या आभाळातच मान टाकतात.
एलामान बर्फ तुडवत खुणा ठेवून आला:
काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या नऊ फळ्या,
प्रत्येकीचा अक्षांश, रेखांश, उंची
सेंटिमीटरपर्यंत वहीत.

ड्रोन उठला.
कावळ्यांनी आधी वर्दी दिली, मग शिव्या.
खाली बिश्केकचा कचरा धुमसत होता,
बर्फाला भोकं पाडून वाफ वर येत होती.
मागे आला-तूची शिखरं
श्रीमंत नातेवाइकांसारखी उभी,
या नव्या डोंगराला ओळख न देता.

नांगरटीसारखं एक तास जायचं, एक यायचं.
एका फोटोवर दुसरा ऐंशी टक्के चढलेला;
ठिगळावर ठिगळ, शिवण दिसू नये इतकं.

रात्री संगणकानं डोंगर उभा केला
आणि तो वाकडा आला.
उत्तरेची अख्खी बाजू एका कोपऱ्याकडे ओढलेली,
ओल्या गोधडीचं टोक कुणी धरून खेचावं तशी.
एलामान म्हणाला, सॉफ्टवेअर.
मी म्हणाले, तुझं अक्षर.
भांडण संपल्यावर फोटो चारशे बारा मोठा केला.
सातवी खूण
एका छपरावर.

बुरुल एजेनं दार उघडलं तेव्हा हातात किटली होती.
"तुमची होती? मला वाटलं, टाकलेली.
इथं येतं ते सगळं टाकलेलंच की."
फळीच्या जागी आधी भोक होतं,
तिथून झोपेत तोंडावर बर्फ पडायचा.
फळी परत मागायला आलेली मी
खारट चहा प्यायला बसले.

"वरून मी दिसते?"
दिसता. पण ठेवत नाही आम्ही.
माणसं, ट्रक, कुत्री, कावळे,
जे जे हलतं ते पुसतो,
नाहीतर आकारमान चुकतं.
एजे बराच वेळ बोर्सोक मोडत राहिली.
"मग डोंगर कसा ठेवता?" म्हणाली.
"तोही हलतो."

तिनं दाराबाहेर नेऊन दाखवलं.
उतारात अर्धा गाडलेला लोखंडी पलंग,
त्याचा निळा पाय तेवढा वर.
"सफरचंदं उतरवली तेव्हा उंबऱ्यापासून वीस पावलं होती.
रोज मोजते, सरपण आणायला जाताना.
आज सतरा."

सातवी खूण वगळून
मी डोंगर पुन्हा उभा केला. सरळ आला.
मग सप्टेंबरचा डोंगर आणला,
त्याच्यावर हा ठेवला, एकातून एक वजा केला.
बाकी सगळं हिरवं. उत्तरेला लाल जीभ,
टोक छपराकडे.
एक मीटर ब्याण्णव.
एजेचं पाऊल छोटं आहे,
गुडघे दुखतात तिचे.

नगरपालिकेला हवेत घनमीटर:
किती साचलं, कंत्राटदाराला किती द्यायचे.
फॉर्ममध्ये लाल रंगाला रकाना नाही.
मी नकाशा जोडला, खाली दोन ओळी लिहिल्या,
फोन केला, पुन्हा केला;
पलीकडच्या बाईंनी माझं नाव तीनदा विचारलं
आणि शेवटी चुकीचं लिहून घेतलं.

शुक्रवारी शिडी घेऊन गेलो.
नवी फळी आणली होती, पण ती एलामाननं
दुसऱ्या भोकावर ठोकली.
सातवी राहू दे जिथं आहे तिथं.
छपरावरच तिची नवी उंची घेऊ,
दर आठवड्याला घेऊ,
छप्पर बोटभर सरकलं तरी कळेल.

उपकरणाचा दांडा फळीच्या मधोमध टेकवला.
त्यातला बुडबुडा वर्तुळात येईना, माझे हात कापत होते.
खाली एजे दोन्ही हातांनी शिडी धरून उभी.
"हलू नकोस," म्हणाली,
"पुसतील तुला."