चालतं

मंगळवारी रात्री, युनियन हॉलच्या तळघरात,
हिएतला मास्तर टेबलावर एक जंक्शन बॉक्स आदळतात.
"ह्याला मान्यता कुणी दिली?"
बाहेर डुलुथचा वारा
सरोवरावरून येऊन खिडकीवर डोकं आपटतोय.
आम्ही चौदाजण. त्यात मी एकटी बाई, वय एकेचाळीस,
अकरा वर्षं पावाच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेली.
ड्वेन म्हणतो, "प्रयोगशाळेनं."
चूक.
"बनवणाऱ्यानं?" चूक.
"पुस्तकानं?"
"पुस्तकाला सही करायला हात आहेत का रे?"

मग फळ्यावर खडू.
यादीतलं: प्रयोगशाळेनं तापवून, भिजवून, आपटून पाहिलं
आणि नाव आपल्या यादीत छापलं.
शिक्क्याचं: ती खूण अंगावर चिकटवून आलेलं.
तिसऱ्या शब्दावर दरवर्षी निम्मा वर्ग घसरतो म्हणे.
ओळखलेलं.
ह्या कामाला, ह्या जागेला योग्य आहे हे कळू येणारं.
कोरड्या भिंतीत शहाणी असलेली पेटी
ओल्या मातीत वेडी ठरते.
"ओळखीचं नव्हे, पोरांनो. ओळखलेलं."
आणि मान्य?
व्याख्या एवढीशीच: ज्याचा अधिकार, त्याला पटलेलं.
म्हणजे जो दारात बूट झटकून, टॉर्च घेऊन आत येतो, त्याला.

मी वहीत माझ्यापुरतं लिहिलं:
शिक्का कारखान्यातून लागून येतो,
मोर्तब दारात होतं.

दारात तेव्हाही हेच उभे होते.
वेइको मामाच्या परसातला सौना,
त्यात त्यानं भंगारातल्या भट्टीच्या कॉइलनं बनवलेला हीटर.
दर शनिवारी अर्धी गल्ली तिथे घाम गाळायची,
हिएतलाही, फळकुटावर, मामाच्या शेजारी, उघडेबंब.
नवं मीटर बसवलं त्या वर्षी ते कपडे घालून आले
आणि लाल चिठ्ठी लावून गेले.
"सव्वीस वर्षं चालतोय," मामा म्हणाला.
"ठाऊक आहे. मी त्याच्यासमोर बसलोय."
"मग?"
"चालतो हा शब्द पुस्तकात नाही, वेइको."

मामानं यादीतला हीटर आणला, नवाकोरा, शिक्क्यासकट,
आणि शनिवारी सौनात जाणं सोडलं.
हिएतलांशी बोलणंही.
अंत्यविधीला ते चर्चच्या शेवटच्या बाकामागे उभे होते,
टोपी हातात,
बसायला जागा असून.

परीक्षेत प्रश्न आला, सदतिसावा.
अधिकाऱ्याला स्वीकारार्ह, ह्यासाठी कोणता शब्द?
चार पर्याय, चारही सख्ख्या भावांसारखे.
पुस्तक उघडायची मुभा होती, मी उघडलं नाही.
भोवती पानं फडफडत होती, कबुतरं उडाल्यासारखी.

एप्रिलमध्ये कार्ड आलं टपालानं.
राज्याच्या यादीत आता माझं नाव.
त्या संध्याकाळी मी मामाच्या तळघरात गेले,
जुना हीटर पोत्याखालून ओढला,
झाकणाचे स्क्रू काढले. तीन निघाले, चौथा तुटला.
झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं, मामाच्या तिरक्या अक्षरात:
चालतो. नोव्हेंबर १९८७.
त्याच्या खाली अर्थिंगचा स्क्रू.
तार नाही. कधी नव्हतीच,
रंग तसाच, धूळसुद्धा अखंड.
सव्वीस वर्षं, ओल्या अंगांनी आम्ही सगळे.

फोन लावला.
"मास्तर, तेव्हा तुम्ही झाकण उघडून पाहिलं होतंत?"
बराच वेळ नुसता त्यांचा श्वास, जड, म्हाताऱ्याचा.
"नाही. प्रत्येक झाकण उघडायला आयुष्य पुरत नाही.
म्हणून तर यादी असते."
मग म्हणाले, "का? काय सापडलं?"

मी पायरीवर बसले होते, झाकण मांडीवर.
बोटाला पेन्सिलीचं शिसं लागलं होतं.
"काही नाही," मी म्हटलं.
"शनिवारी येताय का? नवा हीटर आहे.
तापतो जरा हळू.
पण चालतं."