हानी : परिशिष्ट सात

माझं काम इतकंच, की नुकसानीला
रकाना नेमून द्यायचा.

गुलटेकडीला, भुसार बाजारात,
हस्तीमल लुंकडांच्या पेढीवर पंख्याखाली बसते
आणि विचारते, "शेठ, चणाडाळीला क्विंटलमागे खर्च किती?"
ते पंजा हवेत उलटा करतात.
"लिहा ताई. जे निघेल ते."
जे निघेल ते, असं कायद्यात चालत नाही.

पिवळा वाटाणा बोटीनं येतो.
तिकडचं सरकार म्हणे विम्याला देतं,
डिझेलला देतं, आगगाडीच्या भाड्याला देतं,
म्हणून इथं उतरतो तेव्हा
वजनात पुरा असतो, भावात अर्धा.
पोती वाहणारा दगडू गालफाडे म्हणाला,
"पाठीला देशी काय नि परदेशी काय."
टिपून घेतलं. कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

कायदा विचारतो : वाटाणा आणि चणा
या सारख्या वस्तू आहेत का?
शेठ म्हणतात, "दळल्यावर."

अर्जाच्या दोन प्रती लागतात.
एक गोपनीय, तिच्यात खरे आकडे.
दुसरी सगळ्यांना दाखवायची,
तिच्यात पहिलं वर्ष शंभर धरायचं
आणि पुढचं सगळं त्याच्या मानानं.
डाळ निवडणाऱ्या बायका
गोपनीय प्रतीत तेवीस, मग सतरा, मग नऊ.
जाहीर प्रतीत त्याच
शंभर, चौऱ्याहत्तर, एकोणचाळीस.
एकोणचाळीस ऐकायला बऱ्या वाटतात.

शेवंता लोंढे त्या नवात नाही.
कोंढव्यात दोन घरी पोळ्या करते आता.
डब्यातलं बेसन कशाचं, ते तिला वासावर कळतं.
"वाटाण्याचं आहे. मी सांगत नाही.
भजी स्वस्तात होतात, पोरं खातात.
कशाला कुणाचा घास कडू करा?"

पडताळणीला दिल्लीहून दोघं आले.
वीजबिलं पाहिली, जुन्या पावत्या उन्हात धरून पाहिल्या,
बंद चक्कीवर बोट फिरवलं
आणि धुळीचे महिने मोजले.
मोठ्या साहेबांनी विचारलं,
"हानी आयातीमुळंच, हे कशावरून?
व्याज असेल, जुनी यंत्रं असतील,
घरातलं काही असेल."
शेठ माझ्याकडे बघत राहिले.
समोरच्या गाळ्याकडे आम्ही कुणीच पाहिलं नाही.
तिथल्या पाटीवर हेच आडनाव आहे.
पारस लुंकड. आयातदार.
वडिलांशी बोलणं बंद, पण
काट्याची वजनं अजून एकाच संचातली,
पाच किलोचं इकडे, दहाचं तिकडे,
लागलं की पोऱ्या मुकाट्यानं आणून देतो.

दुपारी साहेबांना मिसळ हवी होती.
शेठ कांदा खात नाहीत, त्यांनी चहा घेतला.
कटात वाटाणा होता, तोच,
रात्रभर भिजून टपोरा झालेला.
साहेबांनी रस्सा पुन्हा मागवला. "फार छान. आणि स्वस्त!"
मालकानं अभिमानानं सांगितलं,
तीन वर्षं भाव वाढवला नाही.
मी पाव मोडत राहिले.
हे परिशिष्ट कितवं?

चौदा महिन्यांनी निकाल आला.
हानी झाली, असं त्यांनी मान्य केलं,
मला वाटलं होतं त्यापेक्षा चांगल्या भाषेत.
शुल्क बसलं. खाली बारीक अक्षरात :
आधीच निघालेल्या जहाजांना लागू नाही.
शेठनी पेढे वाटले,
एक पुडा समोर पाठवला. परत आला नाही.

रात्री पारसचा फोन.
"ताई, बँकेला दाखवायचंय. आमचंही नुकसान
मांडून द्याल का? तुमची जी फी असेल ती."
नाही म्हणायचं होतं. म्हणणारच होते.
तोंडातून निघालं सवयीनं,
"पहिलं वर्ष कुठलं धरू?
शंभर कधी होतं तुमच्यात?"

तो बराच वेळ काही बोलला नाही.
फोनमध्ये मागं शटर खाली येताना ऐकू आलं.
याचं की त्यांचं, कळलं नाही.
दोन्ही एकाच कारागिराकडून, एकाच दिवशी बसवलेली.