एकाच शब्दाची लघुलिपी

जीवित.
माझ्या वहीत त्याची खूण एवढीच:
एक तिरकी रेघ, पोटाशी टिंब.
कारखानीस साहेबांनी उच्चारला तरी तीच,
परेरा साहेबांनी उच्चारला तरी तीच.
फरक पडायचा तो पुढच्या ओळीत.

रविवारी नेरूळहून ठाण्याला जायचे मी,
नौपाड्यात, कारखानिसांच्या दुसऱ्या मजल्यावर.
टीपॉयवर पितळेचं अच्छेर,
तळाशी सरकारी शिक्का, सन झिजलेला.
वडील वजनमापे निरीक्षक होते त्यांचे,
जांभळी नाक्यावर उभ्या उभ्या मापं तपासायचे.
गिऱ्हाईक गरीब असो, वाणी ओळखीचा असो,
शेर म्हणजे शेर.
साहेब घटनाही तशीच हातात घेत,
आधी तळ उलटा करून शिक्का बघत.
"लिहिणाऱ्यांनी भरलं तेवढंच मोजायचं, बाई.
वर शीग लावायची
तर ती निवडून आलेल्यांनी लावावी."

परेरा तळ्याच्या बाजूला, चर्चच्या गल्लीत.
बाप घड्याळजी.
"चक्रं जुनीच ठेवायची, बाई,
पण काटा आजच्या वेळेवर नको?"
मग वाक्य अर्ध्यात टाकून
खिडकीबाहेर बघत राहायचे.
माझी पेन्सिल अधांतरी.

दिवाळ्याच्या कोळणींची याचिका आली.
खाडीकाठच्या वाळवणाच्या जागेवरून रस्ता जाणार होता.
जागा त्यांच्या नावावर नव्हती, कधीच नव्हती.
प्रश्न एवढाच: जीवित म्हणजे श्वास,
की श्वास ज्यावर चालतो
ते जवळ्याचं वाळवणही?

अर्जदारांत अकरावं नाव माझ्या आत्याचं.
मी ते साहेबांना सांगितलं.
"तुम्ही टाइप करता. निकाल देत नाही."
एवढंच म्हणाले, आणि चहा मागवला.

कारखानिसांची साठ पानं.
शेवटची ओळ, याचिका फेटाळण्यात येते,
माझ्याच बोटांनी.
तिसऱ्या न्यायमूर्तींचा खाली एक शब्द: सहमत.
परेरांचं भिन्नमत साडेपाच पानांचं,
त्यातलं अर्धं पान भरती-ओहोटीच्या वेळांवर.

राग आला होता मला. खोटं कशाला बोलू.
पण त्याच महिन्यात
कळव्याचा एक पोरगा, स्थानबद्ध,
आदेशाच्या कागदावर तारीख नाही.
सरकारी वकील म्हणाले, किरकोळ चूक आहे,
मुलगा मात्र किरकोळ नाही.
साहेबांनी माप उलटं केलं.
"तारीख लिहा असं कायदा म्हणतो. ती इथे नाही."
पोरगा संध्याकाळी आईकडे.
समजूतदार माणसानं कदाचित
सरकारला समजून घेतलं असतं.

त्यानंतर राग कुठे ठेवायचा
मला नीटसं कळलं नाही.

नऊ वर्षांनी, भलत्याच खटल्यात,
परेरांना कधी न भेटलेल्या कुणा न्यायमूर्तींनी
ती साडेपाच पानं उचलली,
आणि हरलेलं मत कायदा झालं.
कारखानीस तोवर गेले होते.
अच्छेर कुणाच्या घरी गेलं, विचारलं नाही.

निकालाची प्रत घेऊन मी दिवाळ्याला गेले.
वाळवणाच्या जागी रस्ता,
रस्त्याच्या कडेला गाड्या, त्यांवर धूळ.
आत्याला दारात बसून वाचून दाखवलं,
जीवितापाशी आले तेव्हा जरा सावकाश.
तिनं ऐकून घेतलं सगळं.
"मंग आता त्या कागदाव जवला सुकवू क?"

हसली नाही.
कागद मात्र मागून घेतला,
चार घड्या घालून कमरेला खोचला.

निघताना जवळा दिला,
हल्ली तीही विकतच आणते.
डब्यानं मोजला, काठोकाठ,
बोटानं काठ सपाट केला.
मग थांबली.
आणि वर एक मूठ.